मधला भाग

बार्शीत कुणाचं पुस्तक निघायचं म्हटलं, की मुखपृष्ठाच्या आधी देशमानेबाईंची प्रस्तावना ठरायची. कवितासंग्रह असो, निवृत्त तहसीलदाराचं आत्मचरित्र असो, नाहीतर मूळव्याधीवरच्या घरगुती उपायांची पुस्तिका असो, बाईंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मराठीच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्या तेव्हापासून एकशे त्रेचाळीस प्रस्तावना झाल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या शंभरेक पुस्तकांची पानंसुद्धा त्यांनी धड उलटली नव्हती. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

त्याची एक पद्धत बसून गेली होती. बाड आलं, की पहिली चार पानं वाचायची, शेवटचं वाचायचं, अनुक्रमणिकेवर नजर टाकायची. मग लेखकाला चहाला बोलवायचं, चष्मा काढायचा, जरा थांबायचं आणि म्हणायचं, "सगळं छान उतरलंय हो. फक्त मधला भाग थोडा सैल वाटतो. आवळता आला तर बघा."

आता तुम्हीच सांगा, आपला मधला भाग सैल नाही अशी खात्री असलेला लेखक कुणी पाहिलाय का? समोरचा दचकायचाच. "बाई, किती बारकाईनं वाचलंत!" म्हणून पाया पडायचा. आणि प्रस्तावनेत बाई लिहायच्या, 'हे पुस्तक मी एका बैठकीत वाचून खाली ठेवलं.' खाली ठेवलं होतं हे तर खरंच होतं म्हणा.

बाई मुळात लबाड नव्हत्या. एके काळी वाचायच्या, अगदी तहानभूक विसरून वाचायच्या. पण निवृत्तीनंतर बाडांचा ढीग लागला, आणि एकदा घरात लग्नाची गडबड होती म्हणून एक प्रस्तावना न वाचताच खरडून दिली. तो लेखक आनंदानं रडला. तिथंच घात झाला. न वाचताही चालतं, हे माणसाला एकदा कळलं की संपलंच.

घरात वाचायचे ते विश्वासराव, बाईंचे यजमान. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला, तपकीर ओढणारा, मनमोकळा माणूस. बाईंच्या टेबलावर आलेलं प्रत्येक बाड ते झोपाळ्यावर बसून अथपासून इतिपर्यंत वाचायचे आणि चिडवायचे, "घरात एक तरी वाचणारा हवा ना, कुमुद!" बाई नुसत्या हसायच्या.

विश्वासरावांना जाऊन आता आठ वर्षं झाली. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा बाई तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि घरातली सहाशे बारा पुस्तकं लोकमित्र वाचनालयाला देऊन टाकली. बहुतेकांवर 'आदरणीय बाईंना सप्रेम भेट' असं लिहून खाली लेखकांच्या सह्या होत्या. वाचनालयानं शाल-श्रीफळ दिलं, अध्यक्षांनी 'गावातली सगळ्यात मोठी वाचक' म्हणून भाषण ठोकलं. बाई मान खाली घालून बसल्या. लोकांना वाटलं, काय हा विनय!

आणि महिनाभरात वाचनालयात ते यंत्र आलं.

त्याचं कागदोपत्री नाव 'पर्णवेध'. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं ते जुन्या पुस्तकांतली बुरशी आणि कसर शोधायला बनवलं होतं. पण कागद हा फार इमानी पदार्थ आहे. तो म्हणजे शेवटी लाकडाचा लगदा, त्याला जे जे लागेल ते तो शोषून घेतो आणि धरून ठेवतो. आपण पान उलटतो तेव्हा अंगठ्याचं तेल आणि घामाचं मीठ कोपऱ्यात उतरतं. पुस्तकावर वाकून वाचताना श्वासातली वाफ मधल्या शिवणीजवळ बसते. डोळ्यातून थेंब पडला तर तंतू फुगतात, सुकतात, आणि अश्रूतली प्रथिनं तिथंच राहतात. हे डोळ्यांना दिसत नाही, पण मायक्रोवेव्ह आणि अवरक्त यांच्या मधल्या पट्ट्यातल्या लहरींना दिसतं.

या लहरी मिटलेल्या पुस्तकातून आरपार जातात. दोन पानांच्या मध्ये केसाहून बारीक हवेचा थर असतो, त्यावर आपटून त्यांचा थोडा भाग परत येतो. परत यायला किती वेळ लागला यावरून पान कितवं ते कळतं, आणि लहरीतला कुठला अंश गायब झाला यावरून त्या पानावर काय आहे ते. त्वचेचं तेल वर्षागणिक हवेनं बदलत जातं, तेव्हा हात कधी लागला याचाही अंदाज येतो. थोडक्यात, पुस्तक न उघडता ते कुणी कुठवर वाचलं हे यंत्र सांगायचं. कुणी म्हणजे नाव नव्हे, फक्त एक हात की दोन वेगळे हात, एवढंच.

वाचनालयाच्या समितीनं वर एक आगाऊपणा केला. ज्याचं पुस्तक त्या लेखकाला अहवाल फुकट! गावानं यंत्राचं नाव लगेच 'चुगलखोर' ठेवलं. एका माजी नगराध्यक्षांच्या आत्मचरित्राच्या सातही प्रतींत फक्त फोटोची पानं उघडलेली निघाली. दोन कवी भर चौकात एकमेकांवर धावून गेले. गाव हसत होतं, देशमानेबाई सोडून.

कारण त्या सहाशे बारांत एक हस्तलिखित होतं. गोरख लोखंडे यांचं.

गोरख लोखंडे म्हणजे पोस्टमन. तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं, आणि अकरा वर्षं शाळेच्या वह्यांत एक कादंबरी लिहिली, 'सात नंबरचं बीट'. बीट म्हणजे पोस्टमनचा रोजचा ठरलेला फेरा. बायको पारू गेल्यावर ती पूर्ण केली आणि बाड बाईंकडे आणून दिलं. बाईंनी नेहमीचा चहा दिला, नेहमीचा चष्मा काढला, नेहमीचं वाक्य म्हटलं. गोरख पाया पडून गेला आणि मधली साठ पानं काढून टाकून कादंबरी छापली. टंकलेखन करणाऱ्याचा संगणक पुढे बिघडला, तेव्हा ती साठ पानं आता फक्त त्या हस्तलिखितात उरली होती. ते गोरखनं 'तुमच्याकडंच राहू द्या' म्हणून बाईंना दिलं होतं, आणि बाईंनी न बघता वाचनालयाच्या पोत्यात भरलं होतं.

बाई रिक्षा करून वाचनालयात गेल्या. ग्रंथपाल रुबिना तांबोळी ही त्यांचीच विद्यार्थिनी. बाईंना बघून तिनं खुर्ची पुढे केली.

"रुबिना, ते लोखंड्यांचं बाड चुकून आलंय. ते तेवढं परत दे मला."

"बाई, त्याची तपासणी झाली परवाच." रुबिना बाईंच्या नजरेला नजर देत नव्हती. "सगळ्याच पुस्तकांची झाली."

"सगळ्यांची?"

"हो. चारशे ऐंशी पुस्तकं..." ती अडखळली. "म्हणजे, फारशी हाताळलेली नाहीत. मी त्यांचे अहवाल अजून कुणाला दिलेले नाहीत, बाई. मागितल्याशिवाय देणारही नाही."

बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जिला वर्गात 'मुळातून वाचा गं' म्हणून शिकवलं, ती पोर आता त्यांना सांभाळून घेत होती. शालीचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "आणि लोखंड्यांचं?"

रुबिनाचा चेहरा उजळला. "तेच तर सांगायचंय! ते तुम्ही पूर्ण वाचलंय, बाई. अथपासून इतिपर्यंत. मधली साठ पानं तर दोनदा. आणि हे बघा." तिनं पडद्यावर पिवळसर पानांचा नकाशा उघडला. त्यावर निळे ठिपके होते. "हे अश्रू आहेत. पान एकशे अठ्ठावन्नवर चार थेंब."

बाई बघत राहिल्या. मग त्यांचं लक्ष पानांच्या कडेच्या बारीक तपकिरी रांगेकडे गेलं. "हे काय?"

"तंबाखूची अगदी बारीक पूड. तपकीर असेल, आम्ही ती धूळ म्हणून सोडून दिली." रुबिनानं नकाशा मोठा केला. "एक विचारू? पहिल्या चार पानांवर आणि शेवटच्या पानावर एक अंगठा आहे, बाकी सगळीकडे दुसरा. घरात अजून कुणी वाचायचं का?"

बाईंना झोपाळ्याची कडी वाजल्यासारखी वाटली. एके दुपारी विश्वासराव डोळे पुसत आत आले होते आणि म्हणाले होते, 'कुमुद, त्या पोस्टमनची मधली पानं वाचच. काय आहे ते सांगणार नाही, वाच म्हणजे कळेल.' बाई म्हणाल्या होत्या, 'हो, वाचते.' त्यांना वाटलं होतं, तपकीर डोळ्यात गेली असेल. पुढच्या महिन्यात ते गेले.

"नाही," बाई म्हणाल्या. "मीच वाचलं."

शब्द तोंडातून गेले आणि बाईंना स्वतःचीच शिसारी आली. पण खरं सांगायचं, तर त्या शिसारीच्या आधी क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं होतं. आपण सुटलो! मेलेल्या नवऱ्याचं रडणं आपल्या नावावर लावून सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सुनंदा, बाईंकडे कामाला येणारी, मोरीत भांडी घासत होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात गोरख लोखंडे. पांढरा सदरा, काखेत कापडात बांधलेलं बाड, हातात पेढ्यांचा पुडा. अडुसष्टाव्या वर्षीही चाल सायकलवाल्याची, घाईची.

"बाई, आधी तोंड गोड करा!"

"अहो, काय झालं गोरखराव? बसा तरी."

गोरख बसला नाही. खिशातून घडी केलेला अहवाल काढला आणि बाईंच्या हातात दिला. "काल सांजच्याला ग्रंथपालबाईंनी बोलवून हा अहवाल दिला, बाड पण दिलं. तुम्ही रडला होता, बाई. मशीन खोटं बोलत नाही. आठ वर्षं मनात एकच सल होता बघा. पारूची पानं सैल झाली, माझ्याच हातानं तिची पानं नीट लिहून झाली नाहीत. तुम्ही सांगितलं तशी काढली मी ती. तीन दिवस जेवण गेलं नाही. पण म्हटलं, बाई म्हणत्यात म्हणजे असंल."

बाईंनी अहवालाची घडी परत घातली.

"आणि आता कळलं तुम्ही का काढाया लावली ते. मोठेपणा तुमचा, दुसरं काय!"

मोठेपणा? बाईंना काही उमगेना. त्यांनी नुसती मान हलवली. आयुष्यभर न वाचलेल्या पुस्तकांवर हलवली होती तशीच.

"दुसरी आवृत्ती काढतोय," गोरख सांगत होता. "साठच्या साठ पानं परत घालून. आणि अर्पणपत्रिका बदलतोय. पूर्वी नुसतं 'पारूस' होतं. आता लिहिलंय, ऐका." त्यानं वहीचा कागद उलगडला. "'पारूस, आणि तिच्यासाठी रडलेल्या बाईंस.'"

गप्प बसणं किती सोपं होतं! रुबिना बोलणार नव्हती, विश्वासराव तर बोलायला नव्हतेच. नुसतं 'अहो, कशाला' म्हणायचं आणि डोळे टिपायचे, की एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर बाई कायमच्या छापल्या जाणार होत्या. पण पारूच्या शेजारी ते नाव छापलं जाईल या विचारानंच त्यांच्या अंगावर काटा आला. आजवर त्यांनी लोकांना फसवलं होतं ते जिवंत लोकांना. ही तर गेलेली बाई होती, आणि तिच्याबरोबर त्यांचा स्वतःचा गेलेला माणूस होता.

"ते मी नाही, गोरखराव."

"काय नाही?"

"रडले ती मी नाही. यांनी वाचलं ते. विश्वासरावांनी. कागदावर तपकीर सापडलीय, ती त्यांची. मी तुमची पहिली चार पानं वाचली आणि शेवटचं. मधलं एक अक्षर वाचलं नाही."

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. सुनंदानं ऐकलं असणार. बाईंना वाटलं, ऐकू दे.

गोरख हळूच खुर्चीवर बसला. तो पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटानं ताणत राहिला.

"मग मधला भाग सैल आहे हे कशावरनं म्हणालात?"

"मी ते सगळ्यांनाच म्हणते."

"सगळ्यांना?"

"शंभराच्या वर लोकांना म्हटलंय. कुणीच उलटून विचारलं नाही. आणि खरोखर पानं काढून टाकणारे तुम्ही एकटेच निघालात." बाईंचा आवाज फुटला. "मला क्षमा मागायलाही तोंड नाही. मला लाज वाटते, गोरखराव. काल ग्रंथालयात त्या पोरीला मी सांगून आले, की मीच वाचलं म्हणून. नवरासुद्धा नाकारला मी."

गोरख चिडेल, ओरडेल, बाड घेऊन निघून जाईल, असं बाईंना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तो बोलला ते अगदी साध्या आवाजात.

"पत्र पोचवलं नाही म्हणून माझ्या हाताखालच्या एका पोराला मी निलंबित करायला लावलं होतं, बाई. त्यानं पत्रं ओढ्यात टाकली होती. मी म्हटलं होतं, वाचणाऱ्याचं पत्र वाचणाऱ्यापर्यंत गेलंच पाहिजे." त्यानं कापडाची गाठ सोडली. "पारूचं पत्र आठ वर्षं तुमच्या घरात पडून होतं."

त्यानं बाड उघडलं, पानं मोजून मधोमध आणलं आणि बाईंच्या समोर टेबलावर ठेवलं.

"वाचा."

"आत्ता?"

"मी बसतो. मला काय, निवृत्त माणूस."

बाईंनी चष्मा लावला. गोरखचं अक्षर पोस्टाच्या पावतीसारखं बारीक, तिरकं. पहिली दोन पानं डोळ्यांनी ओढत नेली, आत काही शिरेना, कारण समोर तो बसलेला आणि त्याची नजर त्यांच्यावर. मग हळूहळू पारू दिसायला लागली. घर पुसताना गुणगुणणारी, नवऱ्याच्या सायकलला दर सोमवारी हळद-कुंकू लावणारी, पायाला भेगा पडलेली. बाई पान उलटू लागल्या. त्यांना कळलं की आपण पुढचं पान उलटायची वाट बघतोय. असं होऊन किती वर्षं झाली होती, कुणास ठाऊक.

पान एकशे अठ्ठावन्न आलं. कडेला त्यांना पुसटशी पूड दिसली, की नुसता भास झाला, सांगता येत नाही. गोरखनं लिहिलं होतं:

'पारू कॉलेजात झाडाया होती. सगळ्या खोल्या झाडून झाल्या, की शेवटी ऱ्हायची वाचनाची खोली. तिथं एक नव्या बाई बसायच्या, देशमाने म्हणून. डबा उघडा, पोळी वाळून गेलेली, आन् बाई पुस्तकात. पारू केरसुणी घेऊन दारात उभी ऱ्हायची. मुकादम वरडायचा, तर त्याला म्हणायची, "थांबा वो, बाईंचं पान संपू द्या." पुढं मी लिहाया लागलो, तवा मला म्हणायची, "तुमचं लिहून झालं की त्यांनाच दावा. मला वाचता येत नाही, पण वाचणारं माणूस वळखू येतं."'

बाईंना पुढचं दिसेना. म्हणजे हा तो मोठेपणा! आपलं कौतुक आहे म्हणून बाईंनी ही पानं काढायला लावली, असा अर्थ या भल्या माणसानं लावला होता. आणि विश्वासराव झोपाळ्यावर कुणासाठी रडले होते, तेही आता कळलं. दारात केरसुणी घेऊन थांबलेल्या पारूसाठी, आणि आत बसून वाचणाऱ्या त्या पोरीसाठी, जी त्यांनी लग्न करून आणली होती आणि पुढे कधीतरी घरातून नाहीशी झाली होती. बाईंनी चष्मा काढला, पदरानं तोंड झाकलं आणि ढसाढसा रडल्या. गोरखनं त्यांना उगी केलं नाही.

"झालं?" थोड्या वेळानं तो म्हणाला. "अजून बेचाळीस पानं हायत."

बाईंनी डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि बोट ओळीवर टेकवलं.

तेवढ्यात सुनंदा हातात केरसुणी घेऊन खोलीच्या दारात आली. "बाई, जरा पाय वर घेता का? केर काढायचाय."

बाईंनी ऐकलं नाही, की त्यांना ऐकू आलंच नाही. गोरखनं दाराकडे पाहिलं, हात वर केला आणि हळू आवाजात म्हणाला,

"थांब गं जरा. बाईंचं पान संपू दे."